पिळायला दोघं लागतात

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत परदेशी विद्यार्थ्यांच्या 'सेवा सहलीं'वर जो लेख आलाय तो वाचला, दोनदा वाचला. एरवी मी पेपरला पत्रं पाठवणाऱ्यातला नाही पण यावेळी राहवलं नाही. लेखकाचं म्हणणं थोडक्यात असं की अमेरिकेतली चर्चवाली कॉलेजं दरवर्षी पोरांना दोन-तीन आठवडे गरीब देशात पाठवतात, पोरं तिथं गरिबांबरोबर फोटो काढतात, थोडं रडतात, परत जाऊन बायोडेटात एक ओळ वाढवतात आणि या सगळ्याच्या आडून धर्मप्रचार चालतो तो वेगळाच. यातलं अर्धं खरं आहे. उरलेल्या अर्ध्यातलं थोडंफार मी डोळ्यांनी बघितलंय म्हणून लिहितोय. पत्र लांबलंय, कात्री लावा हवी तर, फक्त ते नूनाचं काढू नका.

मी मूळचा वाईचा. बँकेत होतो, १९९६ ला कोलकात्याला बदली झाली, तीन वर्षांसाठी म्हणून आलो आणि इथलाच झालो. घर हाजरा रोडला, महाराष्ट्र निवासापासून जवळच, म्हणजे गणपतीतली आरती घरबसल्या ऐकू येते. कालीघाटचं देऊळ चालत जाण्याजोगं. गावाकडनं कोणी आलं की त्यांना दर्शनाला नेणं हे काम माझ्याकडे, त्यामुळं तिथल्या पंड्यांशी घासाघीस, लाल जास्वंदीच्या माळा, पेढ्यांची दुकानं, मागच्या आदिगंगेचा वास, सगळं तोंडपाठ. आणि देवळाला अगदी लागून जी पांढरी इमारत आहे, मदर तेरेसांचं निर्मल हृदय, मरणाला टेकलेल्यांसाठीचं घर, तिच्यासमोर मी पंचवीस वर्षांत शेकडो वेळा चपला काढल्या असतील पण आत एकदाही गेलो नव्हतो. पाहुण्यांना बोट दाखवून 'हे मदर तेरेसांचं' म्हणायचं आणि पुढं चालायचं. पूर्वी ती देवीच्या यात्रेकरूंची धर्मशाळा होती हे सुद्धा मला माझ्या अमेरिकेत जन्मलेल्या भाचीनं सांगितलं, आता बोला.

ताई माझी न्यू जर्सीला असते, तीसेक वर्षं झाली. तिची मुलगी तिकडच्या एका जेझुइट कॉलेजात शिकते. जेझुइट म्हणजे कॅथलिक फादर लोकांचा एक संघ, तेच, ज्यांचं मुंबईचं झेव्हियर्स. ताईच्या घरी संकष्टीला मोदक होतात, पण कॉलेज चांगलं होतं आणि स्कॉलरशिप मिळाली, मग फादर लोकांचं का असेना. तर तिसऱ्या वर्षाला असताना एक दिवस भाचीचा फोन. मामा, मी जानेवारीत कोलकात्याला येतेय, कॉलेजचा ग्रुप आहे, सतरा दिवस. मी म्हटलं वा वा, मामी खोली आवरून ठेवते. तर म्हणाली, नाही, तुमच्याकडे राहायचं अलाऊड नाही, नातेवाईक असले तरी सगळ्यांनी गेस्ट हाऊसलाच राहायचं. मला राग आला, खोटं कशाला सांगू. सख्खा मामा गावात असताना पोरगी गेस्ट हाऊसच्या पलंगावर.

ताईचा राग आणखीन वेगळा. साडेतीन हजार डॉलर भरून भारतात जाऊन धुणी धुणार म्हणे, इथं स्वतःची वाटी विसळत नाही! अठरा पोरांचा ग्रुप होता, हिशोब केला तर पन्नास लाखाच्या वर जातात. तेवढे पैसे नुसते पाठवून दिले तर काय काय होईल, हा तुमच्या लेखकाचाही प्रश्न आहे आणि प्रश्न चुकीचा नाही. मी भाचीला तो तसाच्या तसा विचारला. ती म्हणाली, हाच प्रश्न आम्हाला पहिल्याच मीटिंगला विचारलाय आणि कोणालाच नीट उत्तर आलं नाही.

आता या मीटिंगांचं सांगतो कारण लेखात याचा पत्ताच नाही. निघायच्या आधी चार महिने, दर बुधवारी संध्याकाळी दोन तास, बसायचंच. बंगालचा इतिहास, त्रेचाळीसचा दुष्काळ, फाळणी, सियालदा स्टेशनवरचे निर्वासित. मदर तेरेसांबद्दल चांगलं वाचायचं आणि वाईटही वाचायचं, हे मला विशेष वाटलं. म्हणजे १९९४ साली लॅन्सेट या डॉक्टरी साप्ताहिकाच्या संपादकानं कालीघाटला भेट देऊन लिहिलं होतं की इथं दुखणं कमी करायची धड औषधं नाहीत, कोण बरं होण्यासारखा आणि कोण जाणारा हे नीट तपासलं जात नाही, ते पोरांना वाचायला दिलेलं. मरणाऱ्यांना गुपचूप बाप्तिस्मा देतात हा जुना आरोप, त्याच्यावरही चर्चा झालेली. फादर लोकांच्या कॉलेजनं आपल्याच संतावरची टीका पोरांच्या हातात द्यायची हे आपल्याकडं कुठल्या संस्थेला जमेल असं मला वाटत नाही, कुठल्याही धर्माच्या.

मग नियम. दारू बंद. एकट्यानं बाहेर पडायचं नाही. वॉर्डात फोन न्यायचाच नाही, आणि फोटो तर निर्मल हृदयात तसेही काढू देत नाहीत. लेखकानं ज्या सेल्फींवर अर्धा कॉलम खर्च केलाय त्या सेल्फी निदान इथं निघत नाहीत. आणि ग्रुपमधल्या कोणी लहान मुलांच्या कामाला जायचं नाही, हा कॉलेजचा स्वतःचा नियम. याच्यावर मला पुढं बोलायचंय.

धर्मप्रचाराचं एवढंच सांगतो की अठरात कॅथलिक निम्मेच होते, दोन हिंदू, एक मुसलमान, बाकीचे कशातच नसलेले. यांच्याकडून प्रचार करून घ्यायचा म्हणजे आधी यांच्यातच तो करावा लागेल. येतात ते ई-टुरिस्ट व्हिसावर, त्यात बिनपगारी सेवेचं काम जास्तीत जास्त एक महिना चालतं, मिशनरी व्हिसा निराळा असतो. मदर तेरेसांच्या संस्थेच्या पैशाचं म्हणाल तर २०२१ च्या नाताळात सरकारनं मिशनरीज ऑफ चॅरिटीचा परदेशी देणग्यांचा परवाना अडवला आणि जानेवारीत परत दिला, हे सगळ्या पेपरात आलंय. ज्याला तपासायचंय तो तपासतोय. या पोरांच्या गळ्यात ते कशाला बांधायचं.

तर पोरं आली. पहाटे पाचला उठायचं, बोस रोडवरच्या मदर हाऊसला, म्हणजे संस्थेच्या मुख्य घरी, जायचं, ज्याला प्रार्थना करायचीय तो सहाच्या मिसाला बसतो, बाकीचे बाहेर. सातला नाष्टा म्हणजे चहा, पाव आणि केळं. तिथून ज्याच्या त्याच्या कामावर. मी भाचीला भेटायला म्हणून तिसऱ्याच दिवशी कालीघाटला जाऊन उभा राहिलो तर दारातल्या सिस्टरनं गोड हसून विचारलं, रजिस्ट्रेशन? मी म्हटलं मी मामा आहे. ती म्हणाली मामांनाही करावं लागतं. गेलो मग, नाव नोंदवलं, कार्ड घेतलं. अठ्ठावन्नाव्या वर्षी व्हॉलंटियर.

आत गेलो तर पहिल्यांदा काय जाणवलं तर शांतता. दहा पावलांवर ती देवळाची गर्दी, ढाक वाजतोय, पंडे ओरडताहेत, आणि आत ओळीनं खाटा, फिनेलचा वास, भाताचा वास. मला वाटलं होतं तसं सगळे काही मरणाच्या दारात नव्हते. बरेच म्हातारे, कोणाचा पाय कुजलेला, कोणी रस्त्यावरून उचलून आणलेला, कोणाला काहीच आठवत नाही. काम चालवतात त्या मासी. मासी म्हणजे आपली मावशी, बंगालीत. पगारी बायका, इथल्याच वस्तीतल्या, कमरेला पदर खोचलेल्या. सिस्टरा चार असतील तर मासी दुप्पट, आणि खरी सत्ता मासींची. कोणत्या आजोबांना डाळ पातळ लागते, कोण इंजेक्शनला हात देत नाही, कोण रात्री रडतं, हे सगळं त्यांना माहीत. ही गोरी पोरं येतात आणि जातात, जानेवारीत अमेरिकन, उन्हाळ्यात स्पॅनिश, मधे जपानी कोरियन, मासी तिथंच.

आता नूनाचं. दुपारच्या जेवणाची वेळ, मी भात वाढत होतो. पलीकडच्या खाटेवर नेब्रास्काचा एक मुलगा, सव्वासहा फूट उंच, शेतकऱ्याचा पोरगा, तो एका म्हाताऱ्याला भरवत होता. म्हातारा एक घास खाल्ला की थांबायचा आणि म्हणायचा, नून. पोरगा उठला, पाणी आणलं. म्हाताऱ्यानं पेला बाजूला सारला, नून. पोरगा परत उठला, दुसऱ्या पेल्यात पाणी आणलं, कदाचित पहिलं गार नव्हतं म्हणून. तिसऱ्यांदा त्यानं गळ्याभोवती रुमाल बांधला, उशी सरळ केली, हात हातात घेतला. हे सगळं इतक्या मनापासून की बघवत नव्हतं. म्हातारा आता चिडून भिंतीकडं तोंड करून बसला. शेवटी तिकडच्या टोकाकडनं एक मासी ओरडली, आरे नून चाइछे, नून! आणि स्वतःच येऊन चिमूटभर मीठ भातावर टाकून गेली. मीठ हवं होतं त्याला. मी इकडं चार फुटांवर होतो, मला बंगाली येतं, पण मीही ऐकूनसुद्धा ऐकलं नव्हतं, कारण मी माझ्या वाढण्यात रमलेलो, आपण किती छान वाढतोय यात.

संध्याकाळी यांचं रिफ्लेक्शन असतं. गोल करून बसतात, मेणबत्ती लावतात, दिवसात काय झालं ते एकेक जण सांगतो, बाकीच्यांनी मधे बोलायचं नाही आणि समजूतही घालायची नाही. एका संध्याकाळी मलाही बसू दिलं. त्या पोरानं मिठाचं सांगितलं. म्हणाला मी आठ हजार मैल आलो आणि त्या माणसाला मीठ देऊ शकलो नाही. एवढंच बोलला, त्याच्यावर कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत की काही नाही, पुढच्याकडं गेले. दुसऱ्या दिवशी त्याच्या तळहातावर पेनानं शब्द लिहिलेले, नून, जल, ब्यथा, आस्ते. आठवड्याभरात बऱ्यापैकी वीसेक शब्द झाले त्याचे.

मला यावरनं आपला फादर स्टीफन्स आठवला. १५७९ साली गोव्यात आलेला इंग्रज जेझुइट, आला तो परत गेलाच नाही, चाळीस वर्षं राहिला आणि मराठीत हजारो ओव्या लिहून गेला. तोही धर्मासाठीच आला होता आणि त्याचा धर्मप्रचार होताच, त्यात लपवण्यासारखं काही नाही, पण भाषा आधी. सतरा दिवसांत कोण ओव्या लिहितो. सतरा दिवसांत फारतर मीठ.

आणि हे जे म्हणतोय ते काही मी नवीन म्हणत नाही. १९६८ साली, तेव्हा स्वतः पाद्री असलेला इव्हान इलिच नावाचा माणूस, मेक्सिकोला सेवेला निघालेल्या अमेरिकन विद्यार्थ्यांसमोर भाषणाला उभा राहिला आणि त्यांना तोंडावर म्हणाला की बघायला या, डोंगर चढायला या, शिकायला या, पण मदत करायला येऊ नका, ज्यांची मदत करायला निघालात त्यांना तुम्हाला नको म्हणण्याइतकी सुद्धा भाषा तुमच्यात आणि त्यांच्यात नाही. हे पण भाचीच्या वाचनात होतं. म्हणजे बघा, जो माणूस येऊ नका म्हणाला त्याचं भाषण वाचून ही पोरं येतात. मला आधी हा ढोंगीपणा वाटला. नंतर वाटलं की येणाऱ्यांनी हे वाचून येणं आणि न वाचता येणं यात फरक आहे, आणि तो मासींना कळतो. एका मासीला मी विचारलं, ह्या पोरांचा काही उपयोग होतो का गं? ती म्हणाली, कपडे धुवायला होतो. बस.

कपड्यांचं काम म्हणजे खरंच काम. रोजच्या चादरी, लुंग्या, गाऊन, सगळं हातानं. सिमेंटच्या हौदांची ओळ, एकात साबण, पुढच्यात खळबळणं, त्याच्या पुढं परत, मग पिळायचं आणि बादल्या भरून गच्चीवर. जानेवारीत कोलकात्याला थंडी असते, पाणी बर्फासारखं. सगळ्यात वाईट घोंगड्या. भिजलेली घोंगडी एकट्याच्यानं पिळवत नाही, दोन टोकं दोघांनी धरायची. भाची आणि एक ठेंगणी मासी समोरासमोर. भाची जीव खाऊन पिळतेय आणि घोंगडी नुसती गोल फिरतेय, पाण्याचा थेंब पडत नाही, कारण मासी जिकडं फिरवतेय तिकडंच हीही फिरवतेय. मासीनं थांबवलं. आपल्या छातीवर हात ठेवून म्हणाली, आमि डान दिके. मग हिच्या दंडावर बोट ठेवून, तुमिओ डान दिके. मी माझ्या उजवीकडं, तू तुझ्या उजवीकडं. समोरासमोर उभं राहून दोघींनी आपापल्या उजवीकडं फिरवलं की पीळ उलटा बसतो, आणि असं पाणी निघालं की दोघींचे पाय भिजले. गच्चीवर ती घोंगडी वाळत घातली तिथून काली देवळाचा कळस हाताच्या अंतरावर दिसतो, खाली बोकड ओरडतोय. मी या देवळाला पंचवीस वर्षं खालून बघत होतो.

गुरुवारी व्हॉलंटियरांना सुट्टी. त्या दिवशी भाचीला घरी यायची परवानगी मिळाली, तीन जणांना घेऊन आली, तो नेब्रास्कावालाही. आमच्या हिनं पुरणपोळ्या केल्या होत्या, आणि नलेन गुडाचा संदेश, म्हणजे खजुराच्या नव्या गुळाची मिठाई, आणला होता, जानेवारीत कोलकात्याला येऊन तो न खाता जाणं म्हणजे पाप. पोरानं सहा पोळ्या खाल्ल्या. वरणावर मीठ मागितलं, नून म्हणून, आणि आमची हसून पुरेवाट. जेवण झाल्यावर चौघांनी आपापली ताटं उचलली, घासली, पालथी घातली. ताईला फोन लावून सांगितलं की तुझी लेक ताट घासतेय. ताई म्हणाली व्हिडिओ पाठव.

एका रविवारी त्यांच्याबरोबर टिटागढला गेलो, सियालदावरून लोकल. तिथं रेल्वेलाईनला खेटून मिशनरीज ऑफ चॅरिटीची कुष्ठरोग्यांची वसाहत आहे, गांधीजी प्रेम निवास, १९५८ पासूनची. सगळ्या सिस्टरा ज्या पांढऱ्या निळ्या काठाच्या साड्या नेसतात त्या इथं मागावर विणल्या जातात, विणणारे आजार झालेले किंवा त्यातून बरे झालेले. बोटं झडलेला माणूस धोटा फेकतोय आणि माग असा खडखडतोय की बोलता येत नाही. पोरं गप्प. माझ्या डोळ्यापुढं आनंदवन. मी कॉलेजात असताना मे महिन्यात सोमनाथच्या श्रमसंस्कार छावणीला गेलेलो, बाबा आमट्यांच्या. चंद्रपूरच्या उन्हात आठ दिवस खोदलं. किती खोदलं ते सांगायची लाज वाटते, आम्ही पोरांनी मिळून जेवढं खोदलं असेल तेवढं तिथल्या एका माणसानं दोन दिवसांत केलं असतं. शिवाय आम्ही त्यांचा भात किती संपवला! त्यांना आमच्या खोदण्याची काही गरज नव्हती, पण बोलावत होते दरवर्षी. तेव्हा मला कोणी 'दुःखाचं पर्यटन' करतोस म्हणालं नाही. गोरं कातडं असलं की आपण लगेच म्हणतो, एवढाच फरक.

आता लहान मुलांचं. इथं मी लेखकाच्या बाजूनं आहे, त्याच्याही पुढं आहे. दोन आठवड्यांच्या पाहुण्यांना अनाथाश्रमात सोडायलाच नको, पाहुणे कितीही चांगले असू देत. मूल कडेवर येतं, लळा लावतं, पंधराव्या दिवशी तो माणूस विमानात बसतो, महिन्यानं दुसरा येतो. कंबोडिया आणि नेपाळात तर परदेशी व्हॉलंटियर येतात, पैसे देतात म्हणून अनाथाश्रम वाढले आणि आईबाप जिवंत असलेली पोरं 'अनाथ' म्हणून त्यात आणून ठेवली गेली. २०१९ साली संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं मुलांच्या हक्कांच्या ठरावात या अनाथाश्रमातल्या व्हॉलंटियर प्रकाराचे धोके लिहून काढलेत. भाचीच्या कॉलेजनं ते बंद केलं, शहाणपणा केला. सगळी कॉलेजं करत नाहीत.

पण संपादक साहेब, हे लिहिताना मला आपलेच लोक दिसत होते. पुण्या-मुंबईत वाढदिवसाला अनाथाश्रमात जाऊन केक कापायची जी पद्धत पडलीय ती काय आहे? आमच्या नात्यातलाच एक कार्यक्रम मी बघितलाय. पाच वर्षांचा वाढदिवसाचा मुलगा नवीन शेरवानीत, समोर आश्रमातली साठ मुलं ओळीनं बसवलेली, फोटोग्राफर म्हणतोय टाळ्या वाजवा रे, परत एकदा, नीट आल्या नाहीत. दीड तासात सगळे गाड्यात बसून हॉटेलात जेवायला. तिथं कोणाचं चार महिने वाचन झालं होतं? त्या मुलांना कोणी विचारलं होतं, आज तुमचा कितवा केक?

आणि आता नवीनच निघालंय. शेजाऱ्यांच्या मुलाला एका एजन्सीनं पंचेचाळीस हजार घेऊन सहा आठवडे व्हिएतनामला पाठवलं, इंग्लिश शिकवायला, विमान वेगळं. याचं स्वतःचं इंग्लिश यथातथाच, व्हिएतनामी शून्य, तयारी म्हणून एक झूम कॉल. परत आला तो सर्टिफिकेट आणि बीचचे फोटो घेऊन. शाळेत काय शिकवलंस विचारलं तर म्हणतो अंकल, गाणी म्हटली. पोराचा दोष नाही, कोणी त्याला मिठाचं सांगितलंच नव्हतं. आमच्या वेळच्या एनएसएसला आम्ही हसायचो, दोन वर्षांत दोनशे चाळीस तास भरायचे, गावातलं शिबिर, बऱ्याचदा तास कागदावरच भरायचे. पण निदान गाव आपल्याच भाषेतलं होतं आणि गावकरी तोंडावर बोलायचे, काय रे पोरांनो, रस्ता करताय का खेळताय.

म्हणून लेखकाशी माझं भांडण एवढंच आहे की त्यांनी सगळ्यांना एका दावणीला बांधलं. धर्म आहे म्हणून वाईट, किंवा धर्म आहे म्हणून चांगलं, यातलं काहीच नाही. कोण किती दिवस आधीपासून तयारी करतो, मुलांपाशी जातो की हौदापाशी, कोणाचं ऐकतो, परत गेल्यावर काय करतो, हे विचारा ना. धर्माचा एक फायदा मला दिसला तो सांगतो, मी काही भाविक माणूस नाही. त्या पोरांना संध्याकाळी गोल करून बसायची सवय आहे, आज मी कुठं चुकलो हे मोठ्यानं म्हणायची. हे त्यांच्यात इग्नेशियसपासून, म्हणजे जेझुइटांच्या संस्थापकापासून, चालत आलंय म्हणे, रोज रात्री दिवसाचा हिशोब. आपल्याकडं संतांनी हेच सांगितलंय, पण आपण ते अभंगात ठेवलंय आणि एजन्सीवाल्यांच्या झूम कॉलमध्ये ते मावत नाही.

पैशांचा प्रश्न मात्र सुटलेला नाही, तो मी सोडवूही शकत नाही. पन्नास लाखात बरंच काही झालं असतं. भाचीला परत विचारलं तर म्हणाली, मामा, ते पैसे आले नसते, माझ्या बाबांनी ते डिस्नीला घालवले असते. हे उत्तर मला पटलं नाही पण खोटंही वाटलं नाही.

ग्रुप परत गेला, भाचीचं तिकीट पाच दिवस पुढचं होतं. मी तिला घेऊन वाईला आलो, आजीकडं. आई आता ब्याऐंशीची, पण संक्रांत झाली की घरातल्या सगळ्या गोधड्या धुवायच्या हा तिचा नेम अजून सुटला नाही, मशीनवर विश्वास नाही. मागच्या अंगणात दगडावर गोधडी आपटून झाली, आणि आई नेहमीसारखी हाक मारणार शेजारच्या काकूंना, पिळायला या म्हणून, तेवढ्यात भाचीनं जाऊन दुसरं टोक धरलं. आई म्हणाली राहू दे गं, तुला नाही जमायचं, हात दुखतील. भाची म्हणाली, आजी, तू तुझ्या उजवीकडं फिरव, मी माझ्या. आणि पिळली की राव, खळखळून पाणी. आई बघतच राहिली.

'कुठं शिकलीस गं?'

'कालीघाटला. मावशींनी शिकवलं.'

आईनं माझ्याकडं बघितलं. 'कुठली मावशी? आपलं कोण आहे तिकडं?'

आपला,
एक वाचक
कोलकाता (मूळ गाव वाई, जि. सातारा)

ता. क. लेखात निर्मल हृदय १९५० ला सुरू झालं असं छापलंय. ते १९५२, २२ ऑगस्ट. १९५० हे मिशनरीज ऑफ चॅरिटी संस्थेचं साल, ७ ऑक्टोबर. आणि फोटोखाली 'कालीघाट' लिहिलंय पण फोटो हावडा ब्रिजजवळच्या फुलबाजाराचा आहे, तेवढं दुरुस्त करा.